ट्रायल्स बाइकला जायरोचा आधार: खान्देशातल्या नवशिक्यांसाठी पायरी पायरीनं

ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. दगड, ओहोळ, आडवं खोड असा आखून दिलेला टप्पा पाय जमिनीला न लावता पार करायचा असतो. पाय एकदा टेकला की १ दंडगुण, दोनदा टेकला की २, तीन किंवा जास्त वेळा टेकला तर ३, आणि टप्पा पूर्णच झाला नाही तर ५. ज्याचे गुण सर्वांत कमी तो पुढे. गाडीचा वेग बहुतेक वेळा चालणाऱ्या माणसाइतका, कित्येकदा शून्य. त्या शून्य वेगातच नव्या माणसाचा तोल जातो आणि "चाक फिरवून गाडी उभी ठेवता येईल का?" हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

येते, पण लोकांना वाटतं तशी नाही. तोलासाठी जोरात फिरवलेल्या अशा जड चाकाच्या यंत्रालाच जायरो म्हणतात. आमच्या जळगावच्या शेडमध्ये हे काम करताना जी माहिती एका ठिकाणी मिळत नव्हती, ती इथे क्रमानं देतो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी करणार असाल किंवा हौस म्हणून, आकडेमोडीची पायरी गाळू नका. पैसे तिथेच वाचतात.

१. आधी समजून घ्या: जायरो गाडी धरून ठेवत नाही

सर्वांत मोठा गैरसमज हा, की जड चाक जोरात फिरवून फ्रेमला बोल्ट केलं की गाडी आपोआप उभी राहते. राहत नाही. फ्रेमला घट्ट बांधलेलं फिरतं चाक गाडीला तोलासाठी काहीही मदत करत नाही. भोवरा उभा राहतो तो त्याच्या अक्षाला घुमायला मोकळीक असते म्हणून. ती मोकळीक काढून घ्या, उरतं फक्त वजन.

म्हणून रोटर, म्हणजे हे फिरतं जड चाक, अशा चौकटीत बसवायचा जी स्वतः एका अक्षाभोवती फिरू शकेल. या चौकटीला गिंबल म्हणतात. गाडी डावीकडे कलू लागली की मोटर गिंबलला फिरवते, आणि त्या फिरवण्यातून गाडीला उजवीकडे ढकलणारं बल-आघूर्ण (वळवणारा जोर) तयार होतं. गिंबल फिरतोय तोपर्यंतच ढकल मिळते. थांबला की ढकल संपली. हे एक वाक्य मनात पक्कं ठेवा, कारण पुढचं सगळं डिझाइन त्यावर उभं आहे.

कल्पना जुनीच आहे. लुई ब्रेननने १९०३ मध्ये एका रुळावर चालणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं, १९०९ मध्ये मोठी गाडी चालवून दाखवली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात तिच्यात लोकही बसवले. शिलोव्स्की या रशियन गृहस्थांची दोन चाकी जायरोकार १९१४ मध्ये लंडनच्या रस्त्यावर उतरली. याउलट होंडानं २०१७ मध्ये दाखवलेली स्वतः उभी राहणारी मोटरसायकल जायरोवर चालत नव्हती. ती पुढचं चाक वळवून तोल सांभाळत होती. इंटरनेटवर हे दोन्ही प्रकार सर्रास एकत्र कालवलेले दिसतात, म्हणून सांगितलं.

गाडीच्या स्वतःच्या चाकांचं काय? चालण्याच्या वेगात ती इतकी हळू फिरतात की त्यांचा जायरो परिणाम हिशेबात धरण्याजोगा नसतो.

२. कागदावरचा हिशेब

एक ठरावीक उदाहरण घेऊ. खरी ट्रायल्स गाडी साधारण ७० किलो, स्वार ८० किलो, एकूण १५० किलो. स्वार फूटपेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर) उभा, त्यामुळे सामायिक गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ०.८५ मीटर. एवढ्या वस्तूला १ अंश कलल्यावर पाडणारं आघूर्ण जवळपास २२ न्यूटन-मीटर येतं. २ अंशांना ४४. ५ अंशांना १०९.

आता रोटर. २०० मिमी व्यासाची, १६ मिमी जाडीची पोलादी चकती घेतली तर वजन ४ किलो आणि जडत्व-आघूर्ण (फिरण्यातला बदल चकती किती अडवते त्याचं माप) ०.०२ किलोग्रॅम-मीटर वर्ग. ती मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरवली तर कोनीय संवेग, म्हणजे जडत्व-आघूर्ण गुणिले फिरण्याचा वेग, सुमारे १२.५. गिंबल सेकंदाला २ रेडियन वेगानं फिरवला की एका रोटरकडून २५ न्यूटन-मीटर मिळतात, दोन रोटरकडून ५०.

म्हणजे ४ किलोचे दोन रोटर पूर्ण ताकदीनिशी २ अंशांचा कल जेमतेम पेलतात. तेही किती वेळ? गिंबलला मधल्या स्थितीपासून ६० अंशांपर्यंतच फिरू देणं शहाणपणाचं असतं. त्यापुढे ढकल झपाट्यानं कमी होते. तेवढ्या प्रवासात दोघांकडून मिळून सुमारे २२ न्यूटन-मीटर-सेकंद एवढाच आवेग (ढकल गुणिले वेळ) निघतो. त्याला ४४ ने भागा: अर्धा सेकंद.

अर्ध्या सेकंदासाठी एवढा खटाटोप? हो. कारण १५० किलोची ही उभी वस्तू पडू लागली की दर ०.३ सेकंदाला तिचा कल जवळपास पावणेतीनपट होतो. कलाची सुरुवात होताच तिथेच रोखलं तर अर्धा सेकंद भरपूर असतो. ५ अंश कलल्यावर जागं झालेलं यंत्र काहीच करू शकत नाही. दुसऱ्या भाषेत, ही जोडी सेकंदाला साधारण १० अंश वेगानं पडणारी गाडी रोखू शकते. त्यापेक्षा जोरात पडणाऱ्या गाडीला पाय टेकणं हाच उपाय, आणि नवशिक्यानं तो बिनदिक्कत टेकावा.

तुमची गाडी जुनी १०० सीसी असेल (इथे बहुतेकांची तीच असते, कारण मोंटेसा, शेर्को, बेटा वगैरे आयात गाड्या परवडत नाहीत), तर वजन शंभर किलोच्या पुढे जातं. हेच गणित तुमच्या आकड्यांनी पुन्हा करा.

३. काय काय लागेल

यंत्राचं सामान:
- दोन रोटर, ईएन-८ किंवा त्याहून चांगल्या पोलादाचे
- दोन ब्रशलेस मोटर आणि त्यांचे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट), २२ व्होल्टवर ६००० फेऱ्या सहज गाठणाऱ्या. ४०० केव्हीच्या आसपास (इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेऱ्या तो आकडा)
- गिंबल फिरवायला एक ताकदवान गिअर मोटर, एन्कोडरसह (किती फिरली ते मोजणारा भाग)
- सीलबंद बेअरिंग, नावाजलेल्या कंपनीचे, पक्क्या बिलासह
- एमपीयू-६०५० सारखा कल मोजणारा सेन्सर आणि ईएसपी३२ सारखा कंट्रोलर
- सहा सेलची लिथियम बॅटरी, फ्यूज, दोरीला जोडलेला किल-स्विच
- रोटरभोवती ५ ते ६ मिमी जाडीचं पोलादी कवच
- लेझर टॅकोमीटर, डायल गेज

कागदपत्रं:
- गाडीचं आरसी बुक. नोंदणीकृत गाडीत असा बदल करून ती रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकतं. म्हणून गाडी टेम्पोत घालून मैदानात न्या, चालवत नेऊ नका.
- जागेच्या मालकाची लेखी परवानगी
- कॉलेजचा प्रोजेक्ट असेल तर विभागप्रमुखांचं पत्र. लेथवाले आणि बॅलन्सिंगवाले त्या पत्रावर जरा जास्त विश्वास ठेवतात.
- स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर आयोजकांची नियमावली आधीच मागवून घ्या. जायरो चालेलच असं गृहीत धरू नका.

४. रोटर: इथे काटकसर नको

६००० फेऱ्यांवर अशा एका चकतीत सुमारे ४ किलोज्यूल ऊर्जा असते. ८० किलोचा माणूस ५ मीटरवरून खाली पडला तर जेवढी, तेवढी. तुमच्या दोन्ही मांड्यांमध्ये अशा दोन चकत्या फिरणार आहेत.

चांगली गोष्ट ही की पोलादाला हा वेग जड नाही. कडेचा वेग सेकंदाला ६३ मीटर येतो आणि त्यातून निर्माण होणारा ताण साध्या पोलादाच्या क्षमतेच्या बराच खाली असतो. धोका असतो तो भेगांचा आणि असमतोलाचा. भंगार बाजारातली बिडाची फ्लायव्हील, पुलीची चकती, ग्राइंडरचा चाक असलं काहीही वापरू नका. बीड अचानक तुटतं, वाकून इशारा देत नाही. प्लेट गॅसनं कापून घेतली असेल तर कडेचं ५ मिमी तरी मटेरियल टर्निंगमध्ये काढून टाकायला सांगा आणि काम झाल्यावर डाय-पेनेट्रंट स्प्रे मारून भेगा तपासा. तो स्प्रे वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो.

शाफ्टमध्ये चावीची खाच पाडायची सवय आपल्याकडे सगळ्या टर्नरना आहे. "भाऊ, खाच नको, टेपर द्या किंवा गरम करून बसवा" असं स्पष्ट सांगा. खाचेमुळे समतोल बिघडतो आणि भेगेला सुरुवात करायला कोपराही मिळतो.

मग डायनॅमिक बॅलन्सिंग. म्हणजे रोटर फिरवून त्याचा असमतोल मोजणं आणि काढणं. त्यात जी २.५ हा अचूकतेचा दर्जा मागा. ४ किलोच्या रोटरला ६००० फेऱ्यांवर त्याचा अर्थ होतो १६ ग्रॅम-मिमीपेक्षा कमी असमतोल. रोटरचा मध्य फक्त ०.१ मिमी सरकलेला असेल तर बेअरिंगवर दर फेरीला १६ किलोचा हादरा बसतो, सेकंदाला शंभर वेळा. हे काम घरी होत नाही. जळगावात डाळमिल भरपूर, आणि डाळमिलच्या ब्लोअरचे पंखे बॅलन्स करणारी माणसं एमआयडीसीत चौकशी केली की सापडतात. फक्त त्यांचं मशीन एवढ्या लहान रोटरला पुरेसं संवेदनशील आहे का, ते आधी विचारा. मोठ्या पंख्याचं मशीन ४ किलोच्या तुकड्यावर "ओके" दाखवतं आणि त्याला काही अर्थ नसतो.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवानं कोरवलेला १२०७ चा शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांनी पारा भरलेल्या आऱ्यांच्या, आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचं वर्णन केलंय. आपलं चाक तेवढं उदार नाही, त्याला बॅटरी लागते.

५. एक नको, दोनच

खर्च वाचवायला एकच रोटर बसवायचा मोह होतो. टाळा. एकच रोटर असेल आणि त्याचा अक्ष उभा असेल, तर गाडीचं पुढचं चाक दगडावर चढताना गाडी बाजूला फेकली जाते. अक्ष आडवा, म्हणजे चाकांसारखा असेल, तर वळताना तेच होतं. ट्रायल्समध्ये चढणं आणि वळणं सोडून दुसरं काय असतं!

दोन सारखे रोटर, एकमेकांच्या उलट फिरणारे, आणि त्यांचे गिंबल दात्यांनी असे जोडलेले की एक पुढे झुकला की दुसरा तेवढाच मागे झुकेल. नको असलेले धक्के एकमेकांना खोडतात, तोलाची ढकल मात्र दुप्पट होते. ब्रेननही याच निष्कर्षाला आला होता. दात्यांत खेळ (सैलपणा) राहू देऊ नका. खेळ राहिला की गाडी उभी असताना सतत थरथरते.

गिंबलच्या मोटरसाठी सगळ्यांचा हात आधी चारचाकीच्या वायपर मोटरकडे जातो, कारण ती स्वस्त आणि कुठेही मिळते. तिच्यातल्या वर्म गिअरमध्ये खेळ जास्त असतो आणि दिशा पटापट बदलणं तिला जमत नाही. इथे तर सेकंदाला अनेक वेळा दिशा बदलायची असते. गाडी सेकंदाला १ रेडियन वेगानं कलली तर प्रत्येक गिंबलवर १२ न्यूटन-मीटरच्या वर उलटा जोर येतो, तो पेलेल अशी मोटर घ्या.

६. बसवायचं कुठे

जायरोची ढकल फ्रेमवर कुठेही दिली तरी सारखीच असते. त्यामुळे जागा ठरवताना फक्त वजनाचा आणि संरक्षणाचा विचार करा. इंजिनखालची जागा वजनासाठी उत्तम, पण तिथे दगड लागतात. १०० सीसीच्या गाडीत सीट काढून टाकल्यावर फ्रेममध्ये जी जागा होते, ती बरी. सगळं मिळून १५ किलोच्या आत ठेवा. ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी बॅटरी आणि सगळं इलेक्ट्रॉनिक्स सोडवून ठेवा.

७. सेन्सर आणि प्रोग्रॅम

सेन्सरमध्ये दोन गोष्टी असतात. एक कलण्याचा वेग मोजते, दुसरी गुरुत्वाची दिशा. पहिली हळूहळू सरकत जाते, दुसरी प्रत्येक धक्क्याला फसते. दोन्ही मिसळायच्या: पहिलीला ९८ टक्के, दुसरीला २ टक्के अशी सुरुवात करा. मोजणी सेकंदाला किमान २०० वेळा.

कंपनं हा इथला खरा सापळा. रोटरचं कंपन सेकंदाला १०० वेळा, ते फिल्टरनं गाळता येतं. पण सिंगल सिलिंडर इंजिन १५०० फेऱ्यांवर आयडलिंगला (गिअर न टाकता, जागेवर) चालत असतं तेव्हा सेकंदाला २५ हादरे देतं. ते गाळायला गेलात तर कलण्याची खरी खबरही उशिरा पोचते. म्हणून सेन्सर मऊ फोमवर, इंजिनपासून लांब बसवा आणि पहिल्या सगळ्या चाचण्या इंजिन बंद ठेवून करा.

नियंत्रणाचं सूत्र वरवर सोपं आहे: गिंबलचा वेग हा कल आणि कलण्याचा वेग या दोन्हींच्या प्रमाणात. एवढं लिहिलं की टेबलावरची छोटी प्रतिकृती काही क्षण छान उभी राहते, मग गिंबल ६० अंशांच्या टोकाला जाऊन आदळतो आणि ती धाडकन पडते. जवळजवळ प्रत्येक हौशी प्रोजेक्ट इथे अडतो, आणि लोक समजतात मोटर कमी पडली.

कारण असं: तुमचा "सरळ" आणि गुरुत्वाचा सरळ यांत नेहमी थोडा फरक असतो. स्वाराचं वजन किंचित उजवीकडे असलं तरी पुरे. गिंबल तो फरक भरून काढत एकाच दिशेनं सरकत राहतो. उपाय उफराटा वाटतो. गिंबल एका बाजूला सरकू लागला की प्रोग्रॅमनं गाडीला मुद्दाम जरासं विरुद्ध बाजूला कलू द्यायचं. मग गुरुत्वच गिंबलला मध्यावर परत आणतं. म्हणजे गिंबलच्या कोनाचा एक छोटा भाग "अपेक्षित कल" म्हणून मूळ सूत्रात मिसळायचा. चिन्ह चुकलं तर गाडी दुप्पट वेगानं पडते, म्हणून अधिक-उणे आधी टेबलावर तपासा.

आणखी दोन गोष्टी प्रोग्रॅममध्ये हव्यातच. कल ४ अंशांपुढे गेला तर यंत्रानं माघार घ्यावी, कारण तिथे स्वार पाय टेकत असतो आणि त्याच्याशी झटापट नको. आणि डाव्या अंगठ्याजवळ एक बटण, जे दाबलं की जायरोचा जोर एक चतुर्थांश होईल. ट्रायल्समध्ये गाडी मुद्दाम कलवून अंग उलट बाजूला न्यावं लागतं. जायरोला ते कळत नाही. त्याला वाटतं तुम्ही पडताय.

८. चाचणीचा क्रम

१. रोटर कवचात, कवच वाळूच्या पोत्यांमागे. १००० फेऱ्यांपासून टप्प्याटप्प्यानं ६००० पर्यंत. रोटरच्या प्रतलात कुणीही उभं राहायचं नाही.

२. किल-स्विच तपासा. त्यानं मोटरचा पुरवठा तुटावा, रोटरला ब्रेक लागू नये. अचानक थांबवलेला रोटर स्वतःची सगळी ऊर्जा फ्रेमला देतो. तो मिनिटन् मिनिटं फिरत राहील, राहू द्या. टॅकोमीटर शून्य दाखवेपर्यंत कवच उघडायचं नाही.

३. दोन्ही बाजूंना आधाराचे दांडे लावून बिनस्वाराची गाडी, फूटपेगवर वाळूची पोती.

४. स्वार, हेल्मेट, गुडघ्याचं संरक्षण, इंजिन बंद, सपाट जमीन. दोघं जण दोन बाजूंना.

५. इंजिन चालू, पहिला गिअर, चालण्याचा वेग.

६. विटेएवढ्या उंचीचा पहिला दगड.

पायरी ३ आणि ४ वर हवा तेवढा वेळ घालवा. टायरचा दाब हाही तोलाचा भाग आहे: ट्रायल्सच्या मागच्या टायरमध्ये ४ ते ५ पीएसआयच हवा असते. साध्या १०० सीसीच्या टायरला एवढी कमी चालत नाही, ट्यूब रिमवर चिमटते. तिथे हळूहळू कमी करत बघा.

९. जागा आणि हवामान

खान्देशात खडकाला तोटा नाही. धुळे, साक्री, नंदुरबारकडे काळ्या खडकाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात. त्यांच्या पायथ्याचे सुटे दगड सरावाला झकास. पण यावल, अनेर डॅम, गौताळा ही अभयारण्यं आहेत, तिथे गाडी घालायची नाही. नदीपात्र सरकारी असतं, गिरणा काय आणि पांझरा काय. सर्वांत बरं म्हणजे ओळखीच्या माणसाची बंद पडलेली दगडखाण किंवा पडीक शेत. पेरणीच्या आधी विचाराल तर शेतकरी नाही म्हणत नाही, कापूस उभा असताना विचारू नका.

उन्हाळ्यात इथे पारा ४५ च्या घरात जातो. लिथियम बॅटरी उन्हात तापलेल्या गाडीवर ठेवून चार्ज करू नका, आणि मे महिन्यात सकाळी ९ च्या आत काम उरका. प्रत्येक सरावानंतर रोटर हातानं फिरवून कान द्या. बेअरिंगचा खरखर आवाज आला की बदला. गिंबल जोरात फिरतो तेव्हा ८० मिमी अंतरावरच्या दोन बेअरिंगांवर प्रत्येकी ३० किलोच्या वर भार येतो, तो साध्या पंख्याच्या बेअरिंगला कधीच सोसावा लागत नाही.

१०. फेऱ्या कमी करत जा

स्थिर उभं राहणं जमू लागलं की ६००० वरून ४५०० वर या, मग ३००० वर. ३००० ला जोर निम्मा होतो, पण साठलेली ऊर्जा चौथा हिस्साच उरते, म्हणजे धोका जास्त वेगानं कमी होतो. पायांना फरक जाणवेनासा झाला की सगळी पेटी उतरवून ठेवा. १५ किलो कमी झालेली गाडी दगडावर उचलायला किती हलकी लागते ते लगेच कळेल. काढलेले रोटर शाफ्टला ग्रीस लावून, आडवे, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. पुन्हा बसवाल तेव्हा बॅलन्सिंग परत तपासून घ्या.